दांडी गेली, सीट राहिली

लेडीज सायकल ओळखायला कुणाला विचार करावा लागत नाही. मधली दांडी नसते, साखळीवर पूर्ण कव्हर असतं, मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी असते, पुढे टोपली असते. यातली एकेक गोष्ट कुठून आली ते पाहत गेलं की एक गंमत ध्यानात येते. दांडी काढली, कारण पायघोळ झगा घातलेल्या विलायतेतल्या बाईला आणि पुढे साडी नेसलेल्या आपल्याकडच्या बाईला टांग टाकून बसता येत नव्हतं. आणि आलं असतं तरी ते लोकांना बघवलं नसतं. कव्हर आलं ते पदर, ओढणी, परकर साखळीत जाऊ नये म्हणून. जाळीचंही तेच. सव्वाशे वर्षांत बाईसाठी म्हणून सायकलीत जे नजरेत भरण्यासारखं बदललं, ते तिच्या कपड्यांसाठी, नाहीतर बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. तिचं शरीर सायकलीला जिथे खरोखर टेकतं त्या वीतभर जागेचा विचार किती झाला? सीट थोडी रुंद केली, बरीच मऊ केली, वर एखादं फूल छापलं, संपलं.

सायकल हौसेने घेऊन दोन महिन्यांत गॅलरीत लावून ठेवलेल्या बायका तुमच्याही ओळखीत असतील. का सोडली, असं विचारलं की आधी ट्रॅफिक येतं, मग गुडघे, मग वेळ मिळत नाही. बोलणं रेंगाळलं आणि आसपास पुरुषमाणूस नसला, की हळूच पुढचं कारण बाहेर पडतं. ‘खाली फार दुखायचं गं.’ जांघा सोलवटतात, सूज येते, लघवीला बसलं की आग होते, कधी मुंग्या येऊन तो भाग बधिर होतो. हे नवऱ्याला सांगायचं नाही, दुकानदाराला तर नाहीच नाही. डॉक्टरकडे गेलं तर ‘मग नका चालवू’ हा सल्ला ठरलेला. गुडघा दुखला तर माणूस चारचौघांत गुडघा दाखवतो. इथे तक्रारच तोंडातून निघत नाही, आणि न निघालेल्या तक्रारीवर कोणता कारखाना इलाज शोधणार?

माझं म्हणणं एवढंच आहे की बाईच्या सीटचा प्रश्न मऊपणाचा नाही, मापाचा आहे. पण माप घ्यायचं तर त्या जागेबद्दल बोलावं लागतं. ते कुणालाच नको होतं. म्हणून आपल्याला गादी विकली गेली.

ही गोष्ट अज्ञानातून झाली असं समजायचं कारण नाही. १८८५च्या सुमारास इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल आली, १८८८मध्ये डनलॉपने हवेचं टायर आणलं, आणि पुढच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बायका झुंडीने सायकलवर बसल्या. सीटचा प्रश्न तेव्हाच पुढे आला. अमेरिकेत स्पॉल्डिंग कंपनी ‘ख्रिस्टी’ नावाची सीट विकत असे. तिच्या जाहिरातीत कमरेखालच्या हाडांचा सांगाडाच काढलेला असे, एका चित्रात साध्या सीटवर बसलेला आणि दुसऱ्यात ख्रिस्टीवर. ख्रिस्टीला दोन वेगळ्या गाद्या होत्या, दोन हाडांखाली एकेक, आणि मध्ये मोकळी जागा. आज हजारो रुपयांना मिळणाऱ्या, मधोमध खाच असलेल्या सीटची मूळ कल्पना हीच आहे. म्हणजे एकोणिसाव्या शतकात हे ठाऊक होतं, वर्तमानपत्रात चित्रासकट छापून येत होतं, आणि तरीही पुढची कित्येक दशकं ते अडगळीत पडलं.

त्या काळच्या काही डॉक्टरांचे लेख वाचले की याचं एक कारण कळतं. त्यांना चिंता बाईच्या दुखण्याची नव्हती, सुखाची होती. सीटच्या नाकावर घर्षण होऊन मुली बिघडतील, या भीतीने त्यांची झोप उडाली होती. मध्ये खाच असलेल्या सीटची शिफारस झाली तीही बऱ्याचदा याच भीतीपोटी. एकदा हा विषय नीतीच्या खात्यात गेला, की सभ्य बाईने त्यावर बोलण्याची सोय उरली नाही. आपल्याकडे तीच चिंता ‘पडदा फाटेल’ या रूपाने आली. सायकल, दोरीवरच्या उड्या, झाडावर चढणं, सगळ्यांवर तो एकच शेरा. पडदा प्रत्येकीचा जन्मतः वेगवेगळा असतो, काहींचा जवळजवळ नसतोच, आणि त्यावरून कुणाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, हे वैद्यकशास्त्र कधीचं सांगतं आहे. पण आईच्या मनातली भीती शास्त्राला विचारून येत नाही. त्या भीतीत वाढलेली मुलगी पुढे सीट टोचते म्हणून दुकानात जाऊन भांडेल, ही अपेक्षाच फोल.

आता हाडांकडे येऊ. टणक खुर्चीवर ताठ बसून दोन्ही तळवे बुडाखाली सरकवा. दोन टोकं हाताला लागतील. माणसाने बसावं ते या दोन हाडांवर. निसर्गाने ती त्यासाठीच दिली आहेत, त्यांच्यावर दाब सोसणारं मांस आहे. या दोन टोकांमधलं अंतर माणसागणिक साधारण १० ते १५ सेंटिमीटर असतं. बायकांमध्ये ते सरासरीने जास्त, कारण बाळंतपणासाठी सगळा सांगाडाच रुंद घडलेला. पण सरासरीने! एखाद्या चणीने लहान बाईची हाडं एकमेकांपासून लांब असतात आणि धिप्पाड गड्याची जवळ. कमरेचा घेर बघून हे अंतर सांगता येत नाही, वजनकाट्यावरून तर नाहीच.

सीट या अंतराहून अरुंद असली तर हाडं कडेवरून बाहेर घसरतात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. फार रुंद असली तर मांड्यांच्या आतल्या बाजू दर फेऱ्याला तिच्यावर घासतात. त्यातही बसण्याची ढब बदलली की हिशेब बदलतो. ताठ बसून चालवायच्या साध्या सायकलवर भार मागच्या टोकांवर असतो. हँडलकडे वाकलं की सांगाडा पुढे कलतो आणि भार जांघेकडे निमुळत्या होत जाणाऱ्या हाडांच्या कडांवर सरकतो. बाईच्या सांगाड्यात पुढची ही कमान पुरुषाच्या मानाने रुंद असते, त्यामुळे सीटचं नाक कडांच्या नेमकं मधोमध येतं, आणि तिथे हाड नाही, फक्त मऊ त्वचा, नसा आणि रक्तवाहिन्या आहेत. पुरुषासाठी घडवलेली वेगवान सायकलची सीट बाईला का सोसत नाही, याचं उत्तर एवढं साधं आहे.

आणि मऊ जेल का चालत नाही, याचंही उत्तर इथेच आहे. दुकानात अंगठ्याने दाबून सीट पारखायची आपली पद्धत. अंगठा जितका आत जाईल तितकी सीट चांगली. पण अंगठा आत जातो तशी बसायची हाडंही आत जातात. ती बुडाली की त्यांच्या मधला जेल वर उचलला जातो आणि जिथे दाब नको तिथेच दाबत बसतो. गल्लीत एक चक्कर मारली तर स्वर्ग, अर्ध्या-पाऊण तासानंतर नरक. तीन-चारशे रुपयांचं जेलचं कव्हर आपल्याकडे धडाक्याने खपतं ते त्या पहिल्या चकरेच्या जोरावर. ज्या जुन्या कातडी सीटला आपण टणक म्हणून नावं ठेवतो, ती झोळीसारखी ताणलेली असे, हळूहळू मालकाच्या हाडांचा आकार घेई, खाली स्प्रिंग असत. तीही बाईसाठी बनवलेली नव्हती, पण निदान ती बसणाऱ्याचं ऐकत असे.

विज्ञानाने या प्रश्नाकडे वळून बघितलं तेही पुरुषामुळे. १९९७च्या सुमारास अमेरिकेत आयर्विन गोल्डस्टीन नावाच्या मूत्ररोगतज्ज्ञाने सायकलच्या सीटमुळे पुरुषांना नपुंसकत्व येऊ शकतं, असं जाहीरपणे म्हटलं आणि एकच हलकल्लोळ झाला. मासिकांनी मुखपृष्ठं वाहिली, कंपन्यांनी खाच पाडलेल्या सीट बाजारात उतरवल्या. नायॉश या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांना सहा महिने नाक नसलेल्या सीट देऊन पाहिल्या. २००८मध्ये निघालेल्या त्या अभ्यासात ९० पुरुष पोलीस होते, आणि नाक कापल्याने फरक पडतो असं दिसलं. तोवर बायका काय करत होत्या? जॉर्जिना टेरी या अमेरिकन इंजिनिअर बाईने १९८५मध्ये बायकांच्या मापाच्या सायकलींची कंपनी काढली होती, आणि पुढे तिने मधोमध भोक असलेली बायकांची सीटही विकायला आणली. ती एकटी बाई सोडली तर सगळा कारभार शांत होता. येल विद्यापीठातल्या मार्शा गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा बायकांवरचा अभ्यास आला तो २००६मध्ये. त्यात ४८ सायकलपटू बायका होत्या आणि तुलनेसाठी २२ धावपटू. सायकलवाल्यांमध्ये त्या भागाची संवेदना कमी झालेली आढळली, लैंगिक जीवनावर मात्र परिणाम दिसला नाही. त्याच गटाने पुढे २०१२मध्ये दाखवून दिलं, की हँडल सीटहून खाली असेल तर पुढच्या भागावरचा दाब वाढतो आणि संवेदना आणखी घटते. पुरुषाचं पौरुष धोक्यात आल्यावर जे चक्र हललं, त्याला बाईपर्यंत पोचायला जवळजवळ दहा वर्षं लागली. मी याला कट म्हणणार नाही. बोलणाऱ्याची बोरं विकतात, दुसरं काय.

बोललं की काय होतं, याचं उत्तम उदाहरण ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचं आहे. रिओ ऑलिंपिकच्या आधीच्या काही वर्षांत त्यांच्या लक्षात आलं, की जगज्जेत्या मुली सीटच्या जखमा घेऊन मुकाट सराव करत आहेत. मग फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर, घर्षणाचा अभ्यास करणारे तज्ज्ञ असे सगळे एकत्र बसवले. निघालेले सल्ले ऐकले तर हसू येईल इतके साधे होते. त्यातला एक म्हणजे तिथले केस मुळापासून काढू नका. ते त्वचेचं घर्षणापासून रक्षण करतात. दुसरा मुद्दा नियमाचा होता. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेचा तेव्हाचा दंडक असा होता, की शर्यतीत सीट जवळजवळ आडवी हवी, दोन-तीन अंशांपलीकडे झुकवायची नाही. वाकून चालवणाऱ्या बाईला हे आडवं नाक सरळ जखम करतं. ब्रिटिशांनी पुराव्यांचं बाड संघटनेपुढे ठेवलं आणि २०१६पासून ही मर्यादा ९ अंशांवर गेली. रिओपर्यंत त्या संघातल्या जखमांच्या तक्रारी जवळपास थांबल्या. जगातल्या सर्वांत वेगवान बायकांना सीटचं नाक बोटभर खाली करायला कागद रंगवावे लागले, यावरून बाकीच्यांची कल्पना करावी.

त्याच देशातली पॅरालिंपिक तीनचाकी सायकलपटू हॅना डाइन्स. तिने २०१९मध्ये ‘गार्डियन’मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की वर्षानुवर्षांच्या सीटच्या दाबाने तिच्या योनीच्या बाहेरच्या भागाला कायमची सूज आली आणि अखेर शस्त्रक्रिया करून ती काढावी लागली. तो लेख वाचून जगभरच्या बायकांनी ‘मलाही’ म्हटलं. आपल्याकडच्या एखाद्या खेळाडू मुलीने हे मराठी दैनिकात लिहिलं असतं तर खाली कसल्या प्रतिक्रिया आल्या असत्या, ते सांगायला नको.

पुण्यातल्या एका जुन्या दुकानात मी माप घेताना जवळून पाहिलं आहे. गिऱ्हाईक पन्नाशीच्या शिक्षिका, हायब्रिड सायकल, तिच्यावर हौसेने बसवून घेतलेली रुंद फुगीर लेडीज सीट. म्हणाल्या, ‘काका, याहून मऊ दाखवा.’ काकांनी काही न बोलता फ्रिजच्या खोक्याचा पन्हाळी पुठ्ठा कापला, लाकडी स्टुलावर ठेवला. ‘बसा यावर. पाय जरा उचला, हँडल धरल्यासारख्या वाका. आता उठा.’ आणि बाई बसत असताना ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले होते. काकांनी त्यावर पेन्सिल आडवी घासली तसे ते स्पष्ट झाले, एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टी धरली. साडेबारा सेंटिमीटर. यात दोन-अडीच मिळवायचे. ताठ बसणारी असेल तर आणखी थोडे. म्हणजे बाईंना पंधराच्या आसपासची सीट हवी होती आणि त्या बसत होत्या वीसच्या पुढच्या गादीवर. अशाने मांड्या सोलवटणारच. नवी सीट अरुंद, बरीच घट्ट आणि मध्ये खाच असलेली निघाली. बाईंना ते पटेना. ‘ही तर दगड आहे हो!’ काकांनी पैसे घेतले नाहीत, आठवडाभर चालवून बघा म्हणाले. दुखतं कुठे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि बाईंनीही सांगितलं नाही. पुठ्ठ्यामुळे दोघांची अब्रू राखली गेली. सीट परत आली नाही, असं काकांकडून पुढे कळलं.

या गोष्टीतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ‘आठवडाभर चालवून बघा’ ही सवलत. सीट ही बुटांसारखी घालून बघितल्याशिवाय कळत नाही, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती घड्याळासारखी काचेआडून विकली जाते. त्यात चांगली सीट चार-पाच हजारांची. नाही जमली तर पैसे पाण्यात. त्यामुळे दहातल्या नऊ बायका तीनशेच्या कव्हरवर समाधान मानतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण सीट बदलण्याच्या आधी एक गोष्ट फुकट करता येते, आणि तिच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष असतं. ती म्हणजे उंची. आपल्याकडे मुलीला सायकल शिकवताना पहिला नियम सांगतात: सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. शिकताना ठीक आहे. पण तो नियम मग जन्मभर राहतो. चाळिशीतल्या बाईची सीट तपासा, ती सातवीतल्या मुलीच्या भीतीवर बसवलेली असते. सायकलवर शरीराचा भार तीन ठिकाणी वाटला जायला हवा: पायडल, हँडल आणि सीट. सीट खाली असली की गुडघे पोटाशी येतात, पाय पायडलवर जोराने दाबलेच जात नाहीत, आणि पायांनी घ्यायचा भारही बुडावर येतो. वर खड्डा आला तर पायडलवर उभं राहून तो चुकवता येत नाही, सगळा दणका थेट आत. माप सोपं आहे. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. याहूनही उंच नेली तर कंबर डावी-उजवी हलते आणि पुन्हा घासणं सुरू, तेव्हा हावरेपणा नको. सिग्नलला थांबायचं ते सीटवर बसून नाही, पुढे उतरून. आणि इथे त्या गेलेल्या दांडीचा खरा उपयोग आहे! लेडीज सायकलवरून पुढे उतरणं जेन्ट्‌स सायकलपेक्षा कितीतरी सोपं. तो फायदा घ्यायला मात्र कुणी शिकवत नाही.

दुसरी फुकटची गोष्ट नाकाची. आपल्या रस्त्यांवर सीटचा नट ढिला होतो, मागचा भाग बसतो आणि नाक वर येतं. बायका महिनोन्‌महिने तशाच चालवतात. पाना घेऊन नट सैल करा, सीट आडवी किंवा किंचित खाली झुकलेली करा. फार झुकवलीत तर पुढे घसराल आणि मनगटं भरून येतील.

कपड्यांबद्दल थोडंसं. सलवार असो, जीन्स असो की लेगिंग, दोन पायांच्या मध्ये शिवणींचा जो चौक जमतो तो नेमका दाबाच्या जागी येतो. जीन्सची शिवण तर दोरखंडच. पाळीच्या दिवसांत पॅडची प्लास्टिकची कड जांघ कापते. लांबच्या अंतरासाठी पॅडवाली सायकलिंगची चड्डी मिळते, पण तिच्याखाली आतली चड्डी घालायची नसते, हे दुकानातला पोरगा बाईला सांगायला लाजतो, आणि बाई दोन्ही घालून घासण्याचं आणखी एक कारण विकत आणते. माझ्या मते या सगळ्या लेखाचं म्हणणं त्या एका न सांगितलेल्या वाक्यात आहे.

‘सवय होते’ हा एक ठरलेला युक्तिवाद आहे आणि तो अर्धा खरा आहे. नव्याने सायकल चालवणाऱ्याची बसायची हाडं पहिले दोन-तीन आठवडे ठणकतात. ते दुखणं हाडांवर, दोन ठिकाणी, बोट ठेवून दाखवता येईल असं असतं, आणि ते जातं. पण मधल्या भागाला बधिरपणा, सूज, चिरा, गाठ, लघवीची आग, यांची सवय होत नाही आणि करूही नये. बाळंतपणाच्या टाक्यांनंतर किंवा पाळी गेल्यावर त्वचा पातळ होते तेव्हा जुनीच सीट नव्याने बोचू लागते, हेही साहजिक आहे. बायकांना दुखणं सोसायची शिकवण इतकी पक्की दिलेली असते की या दोन दुखण्यांतला फरकच सांगितला जात नाही, सरसकट सोसा. पुण्या-मुंबईच्या ज्या बायका २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे वेळेच्या बंधनातल्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांच्या मर्यादेत, उतरतात, त्यांना हा फरक चांगला कळतो. सीट, कोन, क्रीम, चड्डी यांची सगळी विद्या त्यांच्यात आहे. फक्त ती आपापसात, हळू आवाजात फिरते.

कुणी म्हणेल, मग बायकांसाठी खास सीट हवी हेच ना? मला ते पुरतं मान्य नाही. २०१९मध्ये स्पेशलाइज्ड या बड्या कंपनीने हजारो चालकांची मापं पाहून बायकांसाठी वेगळ्या घडणीच्या सायकली काढणं बंद केलं. त्यांचं म्हणणं असं, की बायका आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा दोन बायकांमधला फरक मोठा निघतो. याच कंपनीने आदल्या वर्षी बायकांच्या तक्रारी ऐकून ‘मिमिक’ नावाची सीट काढली होती, आणि पुढे ती पुरुषांनीही विकत घेतली. म्हणजे अभ्यास करताना बाईला धरायलाच हवं, तिच्या दुखण्यापासून सुरुवात करायला हवी. विकताना मात्र ‘लेडीज’ची चिठ्ठी नको, सेंटिमीटर हवेत. चप्पल आपण सहा नंबर, सात नंबर अशी मागतो. सीटला नंबर का नसावा?

याहून बोचरा आक्षेप असा, की ज्या देशात लाखो मुलींना सायकलच मिळत नाही तिथे हे चोचले कशाला? मला तर हे उलटं वाटतं. हजारोंची सायकल घेऊन रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाणारी बाई सीट बदलू शकते, नाहीतर सायकल सोडून स्कूटरवर बसू शकते. शाळेला रोज पाच किलोमीटर जाणारी मुलगी काय करेल? बिहारने २००६मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिताना एक फार बोलकी नोंद केली आहे: लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी जेन्ट्‌स घेतल्या, आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर पोर बसवता येतं. बघणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी काढलेली दांडी बाईला स्वतःच्या सोयीसाठी परत हवी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

या योजनांतली सायकल एकाच मापाची येते. उंच वाढलेली मुलगी असो की चार फुटांची, सीट कारखान्यातून आली तशीच राहते, बऱ्याच वेळा प्लास्टिकच्या वेष्टनासकट. सायकलीबरोबर एक पाना आणि शाळेत एका तासाचं शिक्षण एवढं दिलं तरी खर्च नगण्य आहे. टाच पायडलवर कशी ठेवायची, नाक आडवं कसं करायचं, कुठलं दुखणं सांगायचं. आरोग्याचा तास घेणाऱ्या बाई हे पाळीच्या विषयाबरोबर सांगू शकतात. तो विषय आपल्या शाळांत आता निदान उघडला तरी गेला आहे.

दुकानदारांना सांगणं असं, की वेगवेगळ्या रुंदीच्या पाच-सहा सीट नमुन्याला ठेवा, आठवडाभर भाड्याने द्या, एक स्टूल आणि पुठ्ठा पडद्याआड ठेवा, आणि शक्य असेल तर दुकानात एक बाई नेमा. गिऱ्हाईक वाढेल, तोटा होणार नाही. आणि तुमच्या घरात कुणी मुलगी किंवा बाई सायकल चालवत असेल, तर नवी मऊ गादी आणायच्या आधी या रविवारी पाना शोधा, सीटची उंची टाचेने मापून घ्या, नाक आडवं करा, आणि कुठे दुखतं ते तिला विचारा.